केल्टिक गाठींचा टॅटू: नक्षी अंगाच्या मापाने कशी बांधावी

गुलाब, वाघ किंवा एखादे नाव गोंदवायचे असेल तर चित्र थोडे लहानमोठे करून, एखादे पान कमी करून ते दंडावर बसवता येते. केल्टिक गाठीच्या नक्षीला ही सवलत नाही. तिच्यातला प्रत्येक पेड एकदा वरून आणि एकदा खालून असा क्रम न चुकता पाळतो आणि शेवटी फिरून स्वतःलाच मिळतो. त्यामुळे कडेचा सेंटिमीटरभर भाग जरी छाटला तरी दोनचार पेडांची टोके उघडी पडतात, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी बिनसले आहे हे त्याला लगेच जाणवते. इंटरनेटवर सापडलेले चित्र घेऊन स्टुडिओत जाणाऱ्या नवख्या माणसाची, आणि ते चित्र तसेच्या तसे स्टेन्सिलवर, म्हणजे नक्षीचा ठसा त्वचेवर उमटवणाऱ्या कागदावर, उतरवणाऱ्या नवख्या आर्टिस्टची, अडचण इथूनच सुरू होते. म्हणून पुढे सांगितलेला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे: आधी अंगाचे माप, मग त्या मापाची जाळी, मग जाळीवर गाठ आणि सर्वांत शेवटी सुई. गोंदवून घेणाऱ्याने यातले सगळे स्वतः करावे अशी अपेक्षा नाही, पण आर्टिस्टने ते केले आहे की नाही हे त्याला ओळखता आले पाहिजे.

नक्षीचे मूळ

आज ज्याला केल्टिक गाठकाम म्हणतात ते मुख्यतः सातव्या ते नवव्या शतकातल्या आयर्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या ख्रिस्ती मठांचे काम आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानले जाणारे बुक ऑफ डरो, आठव्या शतकाच्या आरंभीचे लिंडिसफार्न गॉस्पेल्स आणि इ.स. ८००च्या सुमाराचे बुक ऑफ केल्स ही या नक्षीची तीन मोठी हस्तलिखिते आहेत. त्यांतले पहिले आणि तिसरे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे, तर दुसरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दगडात कोरलेली हीच नक्षी पाहायची असेल तर स्कॉटलंडमधल्या ॲबर्लेम्नोच्या शिळा आणि आयर्लंडमधल्या मोनॅस्टरबॉइसचा उंच क्रूस यांची छायाचित्रे काढून पाहावीत. नवख्या माणसाने नमुना शोधताना टॅटूंच्या संग्रहांपेक्षा या मूळ कामांकडे आधी जावे, कारण संग्रहांतली पुष्कळशी चित्रे एकमेकांवरून उतरवलेली असतात आणि एकाने केलेली वरून-खालूनची चूक पुढच्या दहा जणांनी जशीच्या तशी गिरवलेली असते.

ही नक्षी प्राचीन केल्ट लोकांच्या ड्रुइड पुरोहितांच्या काळापासून चालत आली असल्याचे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. ख्रिस्तपूर्व काळातल्या केल्ट लोकांच्या धातुकामात वळसे आणि भोवरे भरपूर आहेत, पण वरून-खालून जाणारी ही वीण त्यात नाही. ती रोमन मोझेक फरशांवरची वेणी आणि जर्मानिक दागिन्यांवरचे एकमेकांत गुंतलेले प्राणी अशा वाटांनी मठांपर्यंत पोचली. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजचा प्रसिद्ध तिहेरी भोवरा तर ख्रिस्तपूर्व ३२००च्या आसपासचा, म्हणजे केल्ट संस्कृतीच्याही कितीतरी आधीचा आहे. ‘प्रेमाची गाठ’, ‘बहिणींची गाठ’, ‘शक्तीची गाठ’ ही नावे अलीकडच्या काळात चिकटवलेली आहेत. त्रिदली गाठीचा संबंध ख्रिस्ती धर्मातल्या पवित्र त्रैक्याशी जोडला जातो, तोही जुन्या हस्तलिखितांत कुठे लिहून ठेवलेला नाही. आपल्या टॅटूला आपण हवा तो अर्थ द्यावा, त्यात काही गैर नाही. फक्त तो अर्थ हजारो वर्षांचा आहे असे सांगत फिरू नये.

आपल्या कामासाठी या इतिहासातली सर्वांत उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. १९०३ आणि १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संशोधनात जॉन रोमिली ॲलन यांनी दाखवून दिले, की या गाठी साध्या वेणीपासून तयार होतात: आधी संपूर्ण वेणी विणायची आणि मग ठराविक ठिकाणी ती तोडून पेड वळवायचे. पुढे जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रकला शिक्षकाने १९५१ मध्ये ही रचना सामान्य माणसाला कागदावर करता येईल अशा पद्धतीने मांडली, आणि आज जगभर जे गाठकाम शिकवले जाते त्याचा मोठा भाग तिथूनच आलेला आहे. गाठ ही नक्कल करण्याची वस्तू नसून बांधण्याची आहे, हे एकदा लक्षात आले की तिला कोणत्याही मापाला बसवता येते.

माप घेणे

माप नेहमी उभे राहून, हात सैल सोडून घ्यावे. टेबलावर ठेवलेला हात आणि अंगाशेजारी लोंबता हात यांचा आकार एक नसतो, आणि टॅटू आयुष्यभर दिसणार तो दुसऱ्या अवस्थेत. दंडावर पट्टा हवा असेल तर पट्ट्याची वरची कड जिथे येणार तिथला घेर, खालची कड येणार तिथला घेर आणि मधली उंची अशी तीन मापे शिवणकामाच्या टेपने घ्यावीत. शिवाय दंड फुगवून पुन्हा एकदा घेर मोजावा, कारण कमावलेल्या दंडाच्या घेरात त्याने दोनतीन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो.

सपाट पट्टा आणि माणसाचा हात यांचे जमत नाही, ते घेरांच्या फरकामुळे. हात हा निमुळता होत जाणारा आकार आहे. समजा, कोपराखाली वरच्या कडेचा घेर २६ सें.मी., खालच्या कडेचा २४ सें.मी. आणि पट्ट्याची उंची ४ सें.मी. आहे. अशा ठिकाणी सरळ कापलेला कागदी पट्टा गुंडाळला तर त्याची दोन टोके एकमेकांना समोरासमोर भेटत नाहीत, एक वर आणि एक खाली जाते. पट्टा कमानीच्या आकारात आखावा लागतो, आणि त्या कमानीची त्रिज्या काढणे सोपे आहे: खालचा घेर गुणिले उंची, भागिले दोन घेरांतला फरक. वरच्या उदाहरणात २४ गुणिले ४ भागिले २ म्हणजे ४८ सें.मी. एका खिळ्याला दोरी बांधून ४८ सें.मी. त्रिज्येचा एक आणि ५२ सें.मी. त्रिज्येचा दुसरा कंस काढावा, आतल्या कंसावर २४ सें.मी. मोजून घ्यावेत, आणि दोन्ही टोके त्रिज्येच्या रेषेत कापावीत. तो कागद हातावर बरोबर बसतो.

दंड, खांदा किंवा पोटरी अशा जास्त उंचसखल जागांसाठी हिशेबापेक्षा एक साधी युक्ती अधिक भरवशाची आहे. स्वयंपाकघरात भांडी झाकायला वापरतात तो पातळ क्लिंग फिल्म त्या जागेवर दोन वेढ्यांत गुंडाळावा, घट्ट आवळू नये, आणि त्यावर कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून त्याला थोडा ताठपणा आणावा. मग कायम शाईच्या मार्करने त्यावर खुणा कराव्यात: स्नायूची कड, कोपराची घडी, बाहीची कड कुठे येते ती रेघ, आणि समोरून पाहिल्यावर नक्षीचा मध्य जिथे यावा तो बिंदू. हाताच्या आतल्या बाजूने, म्हणजे जिथे पट्ट्याच्या दोन टोकांचा सांधा लपवायचा आहे तिथून, बोथट टोकाच्या कात्रीने ते कापून काढावे आणि कागदावर सपाट पसरावे. खांद्याचा साचा सहसा सपाट पसरत नाही, कडेला सुरकुत्या पडतात. त्या जिथे पडतात तिथे नक्षी मोकळी ठेवायची, हे त्यावरूनच कळते. हा साचा म्हणजे पुढच्या सगळ्या कामाचा कागद.

जाळी आणि वीण

साच्यावर एकसारखे चौकोन आखावेत आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी एक ठिपका द्यावा. ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या हाताला हे काम परके वाटणार नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे बहुतेक वेळा ठिपके जोडत जातात, इथे रेघ ठिपक्यांच्या मधून वळसे घेत जाते. शेजारच्या दोन चौकोनांची जी सामाईक बाजू, तिच्या मध्यबिंदूवर दोन पेड एकमेकांना तिरके ओलांडतात. जाळीच्या बाहेरच्या कडेला पोचलेला पेड तिथे वळतो आणि परत आत येतो. एवढ्या दोन नियमांनी भरलेली जाळी म्हणजे साधी वेणी.

अशा वेणीत एकूण किती स्वतंत्र पेड आहेत ते न काढताही सांगता येते. जाळीच्या लांबीतले आणि रुंदीतले चौकोन मोजावेत आणि त्या दोन संख्यांचा मसावि काढावा. जितका मसावि, तितके पेड. तीन बाय चार चौकोनांची जाळी एकाच अखंड पेडाने भरते, चार बाय सहाच्या जाळीत दोन पेड येतात, तीन बाय सहाच्या जाळीत तीन. ‘अखंड, आदि-अंत नसलेली रेघ’ हवी म्हणून गाठ गोंदवणारे पुष्कळ असतात; त्यांच्या टॅटूत प्रत्यक्षात तीन वेगळी वेटोळी असतात आणि ते त्यांच्या गावीही नसते.

आता वेणीची गाठ करायची. दोन पेड जिथे ओलांडतात त्या बिंदूवर एक छोटी भिंत घालावी, आडवी किंवा उभी. भिंतीमुळे दोन्ही पेड एकमेकांना न ओलांडता मागे वळतात, आणि तिथे नक्षीत मोकळी जागा आणि गोलाई तयार होते. भिंती कुठे घालायच्या यावर सगळे रूप ठरते: मधोमध थोड्या घातल्या तर नक्षीला पाकळ्या फुटल्यासारख्या दिसतात, ठराविक अंतराने उभ्या भिंती घातल्या तर एकामागून एक गाठींची माळ तयार होते. भिंतीचा पेडांच्या संख्येवर होणारा परिणामही ठरलेला आहे. दोन वेगळे पेड ओलांडतात तिथे भिंत घातली की ते दोन मिळून एक होतात. एकच पेड स्वतःला ओलांडतो तिथे घातली तर तो एकच राहतो किंवा त्याचे दोन होतात, ते भिंत आडवी की उभी यावर अवलंबून असते. चार बाय सहाच्या वेणीला एक अखंड रेघ करायचे असेल तर दोन पेड जिथे भेटतात असा कोणताही एक बिंदू तोडला तरी पुरते. नक्षी सममित ठेवण्यासाठी मात्र भिंती जोडीने घालाव्या लागतात, आणि दर वेळी रंगीत पेन्सिलीने पेड फिरवून पुन्हा मोजणी करावी लागते. या टप्प्याला घाई करू नये; एक दुपार यात गेली तरी ती सत्कारणी लागली असे समजावे.

कोण वर आणि कोण खाली, हे सर्व भिंती पक्क्या झाल्यावरच ठरवावे. कोणत्याही एका ओलांडणीपासून सुरुवात करून पेडाबरोबर बोट फिरवत न्यावे आणि वर, खाली, वर, खाली असे लिहीत जावे. जाळी कशीही असली तरी हा क्रम शेवटपर्यंत बिनचूक जुळतो. कुठे सलग दोनदा ‘वर’ आले तर चूक आपली आहे, नक्षीची नाही.

आणखी एका फसगतीचा उल्लेख करायलाच हवा, कारण ती संगणकावर नक्षी करणाऱ्यांच्या हातून हमखास होते. अर्धी नक्षी काढायची, तिची आरशातली प्रतिमा शेजारी चिकटवायची आणि पूर्ण नक्षी झाली असे समजायचे, ही युक्ती फुलापानांना चालते, गाठीला चालत नाही. उलटवलेल्या अर्ध्या भागात सगळ्या ओलांडण्या उलट होतात, आणि जिथे दोन अर्धे जुळतात तिथे पेड सलग दोनदा वरून किंवा दोनदा खालून जातो. छातीवर दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये मिळणाऱ्या नक्षीत हा दोष नेमका गळ्याखाली, सगळ्यांच्या नजरेसमोर येतो. रेघांची चौकट सममित ठेवावी, पण वर-खालीचा क्रम जुळवणीनंतर संपूर्ण नक्षीला एकदम द्यावा. दोन खांद्यांवर दोन सुट्या गाठी असतील आणि त्या कुठे मिळत नसतील, तर एक दुसरीची आरशातली प्रतिमा असायला हरकत नाही.

पट्ट्याचा हिशेब

हाताभोवती पूर्ण फिरणाऱ्या पट्ट्यात घेर आणि एककाची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीच्या तुकड्याची, लांबी यांचा मेळ बसवणे हाच सगळा खेळ आहे. साधी तिपेडी वेणी घेऊ. तिचे एक एकक म्हणजे वरच्या ओळीतली एक ओलांडणी आणि खालच्या ओळीतली एक. दंडाचा घेर ३१ सें.मी. आहे आणि डोळ्याला २.४ सें.मी.चे एकक बरे दिसते असे समजा. ३१ भागिले २.४ म्हणजे जवळजवळ १२.९. अपूर्ण एकक चालत नाही, तेव्हा १२ घ्यायचे किंवा १३. तेरा घेतले तर प्रत्येक एकक सुमारे २.३८ सें.मी. होते, जो फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. बारा घेतले तर २.५८ सें.मी. होते आणि नक्षी थोडी सैल दिसते.

पण दोहोंत याहून मोठा फरक आहे. तिपेडी वेणीचे वेढ्यातले एकक तीनने भागले जात असतील तर तीन स्वतंत्र कडी एकमेकांत गुंफलेली मिळतात. भाग जात नसेल तर एकच पेड हाताभोवती तीन फेऱ्या मारून स्वतःला मिळतो. म्हणजे बारा एककांत तीन कडी, तेरांत एक अखंड रेघ. तीन भावंडांसाठी पट्टा करून घेणाऱ्याला बारा योग्य, आणि तीन पेडांना तीन छटा द्यायच्या असतील तरी बाराच, कारण तेरा एककांच्या पट्ट्यात छटा मध्येच कुठेतरी बदलावी लागेल.

माझे मत विचाराल तर पहिल्या पट्ट्याला पूर्ण वेढा टाळावा. वजन आणि स्नायू वर्षानुवर्षे बदलत राहतात, हाताच्या आतल्या बाजूची त्वचा पातळ आणि हलती असते, आणि सांध्याचे दोनतीन मिलिमीटर तिथेच चुकतात. त्यापेक्षा पट्टा तीनचतुर्थांश फिरवून आतल्या बाजूला दोन टोकांना थांबवावा. टोके बंद कशी करायची याचे उत्तर लिंडिसफार्नच्या पानांवर आहे: तिथल्या पेडांना कुत्र्यांची आणि पक्ष्यांची डोकी फुटतात आणि ती पेडालाच चावून धरतात. अशी दोन डोकी पट्ट्याच्या टोकांना शोभतात.

पेडाची जाडी आणि जमीन

त्वचेतली शाई काळाबरोबर थोडी पसरते, त्यामुळे आज बारीक दिसणारी फट काही वर्षांनी बुजते. केल्सचे पान जेमतेम ३३ बाय २५ सें.मी.चे आहे आणि त्यात नखाएवढ्या जागेत बारीक वीण आहे. मोबाइलच्या पडद्यावर ती मोठी करून पाहिल्यामुळे आपला अंदाज चुकतो. तळहाताएवढ्या नक्षीसाठी पेड किमान चार मिलिमीटर आणि दोन पेडांमधली फट किमान दोन मिलिमीटर ठेवावी, आणि एवढे बसत नसेल तर गाठ लहान करण्याऐवजी चौकोनांची संख्या कमी करावी. मनगटावर पाच सेंटिमीटरमध्ये पाचपेडी वेणी मागणाऱ्याला नकार देणारा आर्टिस्ट चांगला समजावा.

पेड मोकळा ठेवून जमीन, म्हणजे पेडांमागची पार्श्वभूमी, काळी भरावी की पेडालाच छटा द्यावी, हा दुसरा निर्णय. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर पहिली रीत अधिक खुलते: जमीन पूर्ण काळी, पेड त्वचेचाच आणि ओलांडणीच्या दोन्ही बाजूंना, जिथे पेड खाली जातो तिथे, ठिपक्यांची थोडी छाया. एवढ्यानेच वीण उठावदार होते आणि चार हातांवरूनही वाचता येते. पांढऱ्या शाईच्या चमका अशा त्वचेवर भरून आल्यावर मळकट पिवळ्या दिसतात. रंग हवेच असतील तर डरोच्या पानांसारखे लाल, पिवळा, हिरवा असे मोजके आणि ठळक घ्यावेत; मात्र शाईची ॲलर्जी उठण्याच्या तक्रारींत लाल रंग सर्वांत पुढे असतो, तेव्हा त्याची आधी छोट्या जागेवर चाचणी करून घेतलेली बरी.

कोणत्या जागेला काय शोभते

खांद्याला गोल नक्षी शोभते, पण खांदा हा घुमट आहे आणि कोणत्याही एका बाजूने त्याचा अर्धाच भाग दिसतो. म्हणून नक्षीचा मध्य बाजूने पाहताना सर्वांत पुढे येणाऱ्या बिंदूवर ठेवावा, मधली गाठ ठळक करावी आणि कडेची वीण साधी ठेवावी. स्टेन्सिलचा कागद घुमटावर बसताना सुरकुततो. त्याला कडेकडून आत चिरा द्याव्या लागतात, आणि त्या चिरा दोन पेडांमधल्या मोकळ्या जमिनीतून द्याव्यात, ओलांडणीतून कधीही देऊ नयेत.

कोपराखालचा हात फसवा असतो. तळवा वर केला आणि खाली केला तर मनगटाजवळची त्वचा जवळजवळ अर्धा वळसा फिरते, कोपराजवळची फारशी हलत नाही. त्यामुळे तळवा वर ठेवून सरळ आखलेली उभी नक्षी हात सोडल्यावर पिळलेली दिसते. हात अंगाशेजारी सैल, अंगठा पुढे, अशा स्थितीत मध्यरेषा काढावी. लांबट, हळूहळू निमुळती होत जाणारी गाठ इथे छान बसते: कोपराकडे पाच चौकोनांची रुंदी, मग चार, मग मनगटाकडे तीन. चौकोनच लहान करत नेण्यापेक्षा संख्या कमी करत नेणे चांगले, कारण त्यात पेडाची जाडी शेवटपर्यंत एक राहते.

पाठीवर क्रूस किंवा मोठे पान घ्यायचे असेल तर मध्यरेषा खांद्यांवरून काढू नये. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली असतो. मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या मोठ्या मणक्यापासून कमरेपर्यंत मणक्यांवर ठिपके द्यावेत आणि ती रेघ धरावी. खांद्याची पाती हात हलवताना सरकतात, म्हणून क्रुसाचे वर्तुळ पात्यांच्या आत तरी राहावे किंवा पात्यांना पूर्ण कवेत घेऊन बाहेर तरी जावे. पात्याच्या कडेवर नेमकी येणारी रेघ हलताना मोडलेली दिसते. मोठ्या, सपाट आणि फारशा न बदलणाऱ्या अशा या जागेवर दाट वीणही निभावून जाते.

पोटरीवर खांद्याचे आणि कोपराखालच्या हाताचे दोन्ही नियम एकत्र लागू होतात. घोटा, पाऊल आणि बोटे नवख्याने टाळावीत. तिथे त्वचा पातळ आहे, शाई पसरते किंवा उडते, आणि गाठकामात उडालेला अर्धा सेंटिमीटर पेड लगेच डोळ्यांत खुपतो. कोपराच्या टोकाभोवती गोल गाठ सुंदर दिसते, पण मधली जागा मोकळी ठेवण्याच्या अटीवर. छातीचे मधले हाड आणि खांद्याचा वरचा भाग या जागांवर ज्यांना पूर्वी जखमेचे फुगीर व्रण आले असतील त्यांनी त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय काहीही करू नये, कारण असे व्रण गडद त्वचेत अधिक आढळतात आणि गाठीची रेघ त्यांनी पूर्ण बिघडते.

सैन्यात किंवा पोलिसांत जाण्याचा विचार असलेल्या तरुणांनी जागा ठरवण्याआधी त्या भरतीची चालू नियमावली वाचावी, कारण टॅटू शरीराच्या कोणत्या भागावर चालतो हे तिथे नेमके सांगितलेले असते आणि दंडावरचा पट्टा त्यात अडचणीचा ठरू शकतो.

स्टेन्सिल आणि बैठक

आर्टिस्ट निवडताना ताज्या कामाची छायाचित्रे पुरेशी नसतात. वर्षभरानंतरची, भरून आलेल्या कामाची छायाचित्रे मागावीत आणि त्यांतल्या एखाद्या गाठीवर स्वतःचे बोट फिरवून पाहावे. सुई आणि कार्ट्रिजचे (मशीनला जोडायच्या सुयांच्या तयार नळीचे) पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का, शाई वेगळ्या छोट्या कपांत काढली जाते का, हातमोजे बदलले जातात का, हे विचारायला संकोच करू नये. हेपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात.

स्टेन्सिल लावताना पुन्हा उभे राहावे. तो लावल्यावर दहापंधरा मिनिटे वाळू द्यावा आणि तेवढ्या वेळात आरशात पाहून, चालून, हात वर करून, समोरून, बाजूने आणि मागून छायाचित्रे काढून पाहावीत. तिरपा वाटला तर पुसून पुन्हा लावायला सांगावे. तिसऱ्यांदा लावायला कुरकुर करणाऱ्या माणसाकडून गाठकाम करून घेऊ नये. मग बोट घेऊन संपूर्ण पेड एकदा फिरवावा, वर, खाली, वर, खाली. कागदावर हे आधी झालेले असले तरी घुमटावर चिरा देऊन जोडलेल्या स्टेन्सिलमध्ये एखादी ओलांडणी पुसट होते किंवा दोन तुकडे मिलिमीटरभर सरकतात, आणि मशीन सुरू झाल्यावर ते दुरुस्त करता येत नाही.

शिकाऊ आर्टिस्टसाठी दोन सूचना. काम खालच्या बाजूने वर न्यावे, नाहीतर पुसताना उरलेला स्टेन्सिल निघून जातो. आणि जमिनीच्या ज्या खणांत काळे भरायचे आहे त्या प्रत्येक खणात स्किन मार्करने फुली मारून ठेवावी, कारण तीन तास वाकून काम केल्यावर पेड कोणता आणि जमीन कोणती हे डोळ्यांना उलटे दिसू लागते आणि एक पेड चुकून काळा भरला की तो परत मोकळा होत नाही. बाह्यरेषा आधी एकाच जाडीच्या लायनरने (रेघ ओढण्याच्या सुईने) पूर्ण कराव्यात, कोपरे बारीक गोल शेडरने (भरण्याच्या सुईने) भरावेत आणि मोठ्या जागा मॅग्नमने (रुंद सुईने). पट्टा बहुधा एका बैठकीत होतो. पाठीचे पान अनेक बैठकांचे असते, आणि तेव्हा प्रत्येक बैठक पूर्ण पेडांवर किंवा भिंतीवर थांबवावी, म्हणजे पुढचा स्टेन्सिल नेमका कुठून जोडायचा याबद्दल शंका राहत नाही.

भरून येताना

वरची त्वचा साधारण दोन ते चार आठवड्यांत भरून येते. तोवर सौम्य साबणाने धुणे, मलम पातळ लावणे, खपली न खाजवणे, पोहणे आणि कडक ऊन टाळणे, एवढे नेहमीचे नियम पुरे आहेत. दंडावरच्या पट्ट्याला घट्ट बाही घासू देऊ नये. लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप आला तर स्टुडिओला नव्हे, डॉक्टरांना दाखवावे. नियमित रक्तदान करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की टॅटूनंतर भारतात बारा महिने रक्त देता येत नाही.

पूर्ण भरून आल्यावर काळ्या जमिनीत फिकट ठिपके राहिलेले दिसतात, आणि ते टचअपमध्ये, म्हणजे नंतरच्या छोट्या दुरुस्तीच्या बैठकीत, भरता येतात. त्याच वेळी ओलांडणीजवळच्या बारीक फटी पाहाव्यात. कुठे फट बुजली असेल तर तिथे आणखी रेघ न ओढता शेजारची छाया थोडी गडद करून पेड वेगळा दाखवता येतो. जाळीचा मूळ कागद, एककाचे माप आणि क्लिंग फिल्मचा साचा जपून ठेवावा. पट्ट्याला पुढे खांद्यापर्यंत न्यायचे ठरले तर नवा आर्टिस्ट त्याच चौकोनांवर, त्याच जाडीच्या पेडाने, पूर्वीच्या कडेची एखादी भिंत काढून तिथूनच वीण पुढे सुरू करू शकतो.